रेघेच्या बाहेर बसा

बसा. बाकावर बसा, पण रेघेच्या बाहेर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ आहे ना, तिच्या आत गिऱ्हाइकाने यायचं नाही, असा आमच्या दुकानाचा नियम आहे. आणि गळ्यातला तो ओला दुपट्टा काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. ऊन मलाही कळतं. मूर्तिजापुरात मे महिन्यात दुपट्ट्याशिवाय बाहेर पडणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर पुण्याचा. तुम्हाला कोणीतरी दुपट्टा घ्यायला लावला, चांगलं केलं. पण इथे नको.

तुमच्या जीपच्या कमानीची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची, पिन मी करून देतो. काम दहा मिनिटांचं आहे, पण लाइन चारला येईल. लाइन म्हणजे वीज हो. बारा ते चार रोजचं लोडशेडिंग. तुम्ही गावोगाव शेतकऱ्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरता, असे पुष्कळ साहेब दोन वर्षांत येऊन गेले. तुमच्या फॉर्मात खरादीचा, म्हणजे लेथवाल्याचा, रकाना नसेल. नसू द्या. वेळ आहे तर माझी हकीकत ऐका. आमचं वऱ्हाडी बोलणं तुमच्याकडच्यांना भांडल्यासारखं वाटतं, म्हणून शाळेतल्या मराठीत सांगतो.

आणि हो, तुमच्या उजव्या हाताला बाकावर ते पितळेचं बुश पडलं आहे, इंजिनात दांड्याभोवती बसतं ते नळकांडं, त्याला हात लावू नका. ते नत्थुजींचं आहे.

मी फुरकान. अमरावतीच्या आयटीआयतून टर्नर झालो आणि अकोल्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षं लेथ चालवली. आम्ही जिनिंगच्या यंत्रांचे भाग बनवत होतो. कापसाचे हाल झाले, जिनिंगवाल्यांनी गाशा गुंडाळला, मग आमचे भाग कोण घेणार? दोन हजार सहाच्या जानेवारीत फाटकाला कुलूप लागलं. फेब्रुवारीत बडे अब्बा गेले. बडे अब्बा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अब्दुल रहीम. हे दुकान त्यांचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. जाताना ही लेथ ते माझ्या नावाने ठेवून गेले.

पाहा तिच्याकडे. सहा फूट लांब, सगळी बिडाची, इंग्रजांच्या काळातली. एका बंद पडलेल्या जिनिंगमधून बडे अब्बांनी ती बैलगाडीवर आणली होती, सहा बैल लागले होते म्हणे. डावीकडे तो गोल आहे तो चक, त्याच्या जबड्यात काम धरून फिरवायचं. हा लांब गुळगुळीत भाग म्हणजे बेड, त्यावरून कापायचं हत्यार सरकतं. आज ती आरशासारखी दिसते. मी आलो तेव्हा चार वर्षं बंद होती. ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं, बेडवर गंजाची खपली, हँडल हलायला तयार नाही, चामड्याचा पट्टा उंदरांनी खाल्लेला.

माझा हिशेब सोपा होता. सात जूनला मृग लागतो. त्याच्या आधी पंधरा दिवस सारा तालुका आपली अवजारं, इंजिनं, पंप घेऊन खरादीच्या दारात उभा असतो. तोवर मशीन चालू झाली तर मी खरादी म्हणून जगणार होतो. नाही झाली तर तुमच्या पुण्यात कोणाच्या तरी गेटवर शिटी घेऊन उभा राहणार होतो. माझी बायको बिल्कीस म्हणाली होती, "मी कुठंही येईन, पण तुमच्या हातात शिटी मला पाहवणार नाही." मलाही पाहवली नसती.

त्यामुळे मी मशीनवर तुटून पडलो. घासलेटमध्ये एकेक भाग भिजवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, पॉलिश पेपर मारायचा, तेलाचा हात फिरवायचा. आठ दिवसांत हँडल बोटाने फिरायला लागलं. ज्याने कधी जुनी मशीन जिवंत केली नाही त्याला त्यातला आनंद सांगून कळायचा नाही. खपलीखालून बेड पहिल्यांदा चमकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग नजर फरशीवर गेली. वर्षानुवर्षांचं तेल आणि लोखंडाचा कीस मिळून तिच्यावर काळं पुट चढलं होतं. आणि मध्यभागी ही रेघ. चुन्यावर चुना ओढून ओढून बोटभर जाड झालेली.

अकोल्याच्या दवाखान्यात बडे अब्बा शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले होते, "बेटा, मशीन धू. फरशी धुऊ नको." घरी आम्ही उर्दूत बोलतो, तुमच्यासाठी मराठीत सांगतो. मला वाटलं, म्हातारा माणूस, तापात बरळतो आहे. आयटीआयमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की मशीनभोवतीची जमीन स्वच्छ हवी, पाय घसरला की हात गेला. मी खरवडणी घेतली आणि अख्खी फरशी सोलून काढली. रेघेसकट. नंतर तिथे पिवळ्या ऑइलपेंटचा चांगला पट्टा मारू, असा माझा विचार होता.

समोर लिंबाखाली गोदाबाईंचं चहाचं दुकान आहे. त्या मला लहानपणापासून ओळखतात. त्या दिवशी त्या पुतणीच्या लग्नाला वरूडला गेल्या होत्या. त्या असत्या तर त्यांनी मला खरवडणीसकट बाहेर काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. एक वाजला असेल. लाइन नव्हती, पंखा बंद, वरचे पत्रे तडतडत होते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तुम्हाला रात्रीची भीती वाटत असेल. आमच्याकडे मे महिन्यातली दुपार रात्रीपेक्षा जास्त सुनसान असते. मी मशीनखाली डोकं घालून नटबोल्ट सोडवत होतो.

"झालं काय?"

मागे वळून पाहिलं. तुम्ही बसलात तिथेच एक माणूस बसला होता. मळकं धोतर, पाय धुळीने माखलेले. पांढरा, तांबड्या काठाचा दुपट्टा डोक्याला, तोंडाला आणि गळ्याला गुंडाळलेला. फक्त दोन डोळे दिसत होते. त्यात नवल काही नव्हतं, मे महिन्यात साऱ्या गावाचे दोन डोळेच दिसतात. दुपट्टा नुकताच भिजवलेला असावा, टोकातून पाणी ठिबकत होतं.

"कायचं काम होतं जी?"

"बुश."

"मशीन अजून साफ करून राहिलो. आठ दिवसांनी या."

तो उठला नाही. तसाच माझ्याकडे, म्हणजे मशीनकडे पाहत राहिला. बाकावर रणरणतं ऊन येत होतं. दारात आलेला माणूस उन्हात बसला आहे आणि आपण सावलीत, हे आम्हाला जमत नाही. ती आमची खोड आहे.

मी म्हटलं, "उन्हात काहून बसले? आत या न जी. सावलीत बसा, पाहा कसं चालू हाय ते."

त्याने खाली पाहिलं. काल जिथे रेघ होती तिथे पायाने चाचपून पाहिलं. मग तो उठला. मी मागच्या खोलीत घासलेटचा डबा आणायला गेलो, परत आलो तर दुकानात कोणी नव्हतं. कंटाळून गेला असेल म्हणून मी पुन्हा कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. बेडच्या उजव्या टोकाला, जिथे मी तीन दिवस घासून चमक आणली होती, तिथे गंजाचे सात डाग होते. रुपयाएवढे गोल, ताजे, नारंगी. एका ओळीत. कोणीतरी वाकून उभं राहावं आणि त्याच्या अंगावरून पाणी ठिबकावं, असे.

आता सांगा, वऱ्हाडातल्या मे महिन्यात पाणी आलं कुठून? धुतलेला कपडा इथे दहा मिनिटांत पापडासारखा वाळतो. पत्र्याला भोक नाही, दुकानात माठ नाही. शिवाय बेडवर तेलाचा हात होता. तेलावर पाणी पडलं तरी रात्रीतून गंज धरत नाही. मी बिल्कीसला सांगितलं. ती म्हणाली, तुमचाच घाम असेल. तेही खरं होतं. काही माणसांचा घाम इतका खारा असतो की त्यांनी हात लावलेलं लोखंड सकाळी गंजतं. मी निमूटपणे डाग घासले आणि हातात जुने मोजे घालून काम करू लागलो.

पुढच्या सकाळी पुन्हा सात डाग. पण टोकाला नाही, वीतभर अलीकडे.

तिसऱ्या दिवशी आणखी अलीकडे. मी खडूने खुणा करायला लागलो. उगीच घाबरणारा माणूस नाही मी, माप घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही. रोज एक वीत. डाग बेडच्या टोकाकडून चककडे, म्हणजे मी जिथे उभा राहतो तिकडे सरकत होते. पाचव्या दिवसापासून दुपारी वासही यायला लागला. ओला कपडा घडी करून तसाच ठेवला की जो कुबट वास येतो, तो. तेल, घासलेट आणि तापलेलं लोखंड यांच्यात तो वास वेगळा कळायचा. बारा वाजता लाइन गेली की यायचा, चारला पंखा फिरला की जायचा.

बाकावर पुन्हा कोणी आलं नव्हतं. मी रोज बाकाकडे पाहायचो. आत पाहायला हवं होतं, हे मला उशिरा समजलं.

सातव्या दिवशी मशीन जोडून पूर्ण झाली. नवा पट्टा चढवला. दुपारचा दीड वाजला होता, लाइन यायला अवकाश होता, म्हणून चक हातानेच फिरवून पाहावा म्हटलं. दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. एक फेरा मोकळा झाला. दुसरा मोकळा झाला. तिसऱ्या फेऱ्यात तो जड झाला.

हे जरा नीट ऐका. लोखंडाला लोखंड अडलं की टणकन थांबतं. हे तसं नव्हतं. मऊ होतं. चकभोवती कापड गुंडाळलं जायला लागलं की जसं हळूहळू ओढ लागते, तसं. अकोल्याला एकदा माझं पुसायचं फडकं असं गेलं होतं, त्यामुळे ती ओढ माझ्या हाताला ठाऊक आहे. मी वाकून पाहिलं. चक स्वच्छ होता. काही नव्हतं.

मी वाकलेलाच होतो... आणि माझ्या मानेवर पाण्याचा थेंब पडला. गार. मग दुसरा.

"झालं काय?"

आवाज बाकाकडून आला नाही. माझ्या कानाशी आला. घाईचा होता, पण रागाचा नव्हता. खांद्यावरून वाकून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो, तसा...

मी वळलो नाही. सरळ दाराकडे चालत गेलो, रस्ता ओलांडला आणि लिंबाखाली जाऊन बसलो. पायातल्या चपला दुकानातच राहिल्या होत्या. डांबराने तळवे भाजले, ते नंतर कळलं.

गोदाबाई सकाळीच वरूडहून परतल्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी आधी गूळ-पाणी दिलं. मग त्यांची नजर माझ्यामागे दुकानाच्या उघड्या दाराकडे गेली, आणि त्यांच्या हातातली किटली तशीच राहिली.

"रेघ कुठी गेली बे?"

"खरवडली मावशी. फरशी साफ केली."

"माय वं! काहून खरवडली रे बाप्पा? अब्दुलभाऊनं तुले सांगितलं नाई?"

सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं. मग गोदाबाईंनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"बारा वर्सं झाले. नत्थुजी म्हणून एक जण होता, चांदूर रेल्वेकडचा. इंजिनाचं बुश करायले आला होता. पाणी भरायची घाई होती त्याले. असाच मे महिना, असंच ऊन. माह्याच माठातून दुपट्टा भिजवून गेला तो, आजही आठवते मले. दर पाच मिनिटाले अब्दुलभाऊले इचारे, झालं काय, झालं काय. अब्दुलभाऊ म्हणे, पाहून घ्या न जी, या आत. तो वाकला पाहाले... मशीन चालू होती." गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "दुपट्टा गेला चकात. अब्दुलभाऊनं बटन बंद करेपावतर झालं होतं सारं."

नंतर बडे अब्बांनी दुकानात रेघ ओढली. सगळ्यांना वाटलं, गिऱ्हाइकांसाठी ओढली. पण गोदाबाई समोरच बसायच्या. रोज सकाळी बडे अब्बा रेघेवर नवा चुना ओढायचे आणि रिकाम्या बाकाकडे पाहून हात जोडून म्हणायचे, "नत्थुजी, इथंच थांबा. झालं की सांगतो." त्यांची नजर गेली, मशीन बंद पडली, तरी चार वर्षं ते रोज यायचे, रेघ ओढायचे आणि घरी जायचे. भला माणूस होता नत्थुजी. थांब म्हटलं की थांबत होता.

"मंग बुश करून काहून नाई देल्लं त्याले?" मी विचारलं. भीती वाटली की माझी शाळेतली मराठी पळते.

"म्या म्हटलं होतं तसं. तर रडला तो. म्हणे, गोदाबाई, ज्या चकात त्याचा जीव गेला, त्यात त्याचंच बुश कसं धरू?"

तुम्हाला सांगतो, खरादी गिऱ्हाइकाला 'उद्या या' सांगतो, हे काही नवीन नाही. मीही सांगतो. पण बारा वर्षं रोज सकाळी उद्याचा वायदा करायचा, आणि तोही असा... मला बडे अब्बांची दया आली. रागही आला. एवढी गोष्ट त्यांनी मला धड सांगितली का नाही?

पण मशीन सोडून जाणं मला शक्य नव्हतं. मृगाला बारा दिवस उरले होते. मी ठरवलं की बडे अब्बांच्याने जे झालं नाही ते आपण करायचं. गिऱ्हाइकाचं काम पूर्ण करून त्याच्या हवाली करायचं.

हत्यारांच्या पेटीत तळाशी मेणकापडात ते बुश होतं. बाहेरून झालेलं, आतलं भोक अर्धं राहिलेलं. सोबत बडे अब्बांच्या अक्षरात नत्थुजींच्या नावाची मापाची चिठ्ठी. चारला लाइन आली. मी सदरा काढून ठेवला, अंगात फक्त बनियन. गोदाबाई दारात उभ्या राहिल्या. मी बटन दाबलं, आणि चार वर्षांनी ही मशीन बोलली. किती गोड चालली म्हणून सांगू! अर्ध्या तासात बुश झालं. मी ते पुसून या बाकावर ठेवलं. मग गोदाबाईंच्या सांगण्यावरून बाहेरच्या बाजूला उभं राहून भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड रेघ ओढली, हात जोडून म्हटलं, "नत्थुजी, झालं तुमचं. घेऊन जा," आणि शटर ओढलं.

त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी बुश बाकावर तसंच होतं. वर धूळ बसली होती, बाक कोरडा ठणठणीत. आणि आत, अगदी चकसमोर, बेडवर सात डाग होते.

मला कळायला वेळ लागला नाही. तो बाकावर येणार कसा? त्याला आत मीच बोलावलं होतं. तो सात दिवस आतच होता. आणि मी काल बाहेर उभं राहून रेघ ओढली होती. बडे अब्बांनी बारा वर्षं ज्याला बाहेर थांबवलं, त्याला मी मशीनजवळ कोंडलं होतं.

मी ताबडतोब रेघ धुतली. ब्रश मारला, घासलेट मारलं, खूणसुद्धा ठेवली नाही. मग दारातून बाजूला झालो आणि म्हटलं, "या जी बाहेर. तुमचं बाकावर ठेवलं." बारा वाजले. वास आला नाही. एक वाजला, दोन वाजले. काही नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बुश बाकावरच होतं, पण म्हटलं, मेलेल्या माणसाला पितळ काय करायचं? झालं एवढं कळलं, गेला असेल.

चारला लाइन आली, आणि पहिलं गिऱ्हाईकही आलं. कुरूमचे वामनराव, पंपाचा दांडा घेऊन. मी दोन तास मशीन चालवली. वाकून वाकून काम केलं, चकच्या इतकं जवळ की कीस तोंडावर उडत होता. वामनराव दारातून बोलत होते, मी हसत होतो. संध्याकाळी सायकलवर बाजारातून घरी आलो. चार ओळखीचे भेटले, सलाम-नमस्कार झाला. मी फार खुश होतो.

बिल्कीसने दार उघडलं. पाण्याचा पेला पुढे केला, आणि तिचा हात हवेतच थांबला.

"ये किसका है?"

"क्या?"

तिने हात लांब करून माझ्या गळ्याला लावला. मग मला दिसलं. पांढरा, तांबड्या काठाचा दुपट्टा. माझ्या मानेभोवती दोन वेढे, पुढे गाठ. ओलाचिंब. टोकं खाली लोंबत होती, छातीच्या खाली...

दोन तास मी चालत्या चकवर वाकलो होतो.

आणि कोणी काही बोललं नाही, हो. वामनराव बोलले नाहीत, बाजारात कोणी बोललं नाही. का बोलतील? मे महिन्यात माणसाच्या गळ्यात ओला दुपट्टा आहे, यात सांगण्यासारखं काय आहे? मला स्वतःला तो जाणवला नाही. त्या दोन तासांत मी दहा वेळा मानेचा घाम पुसला होता. हाताला काही लागलं नव्हतं.

बिल्कीस रडली, भांडली, विका ती मशीन म्हणाली. मी विकली नाही. विकली तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाईल आणि त्याला कोणी काही सांगणार नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, मला दुसरं काही येत नाही. दुसऱ्या दिवशी मी तो दुपट्टा घडी करून मशीनच्या मागच्या खुंटीला अडकवला आणि ही रेघ ओढली. त्याच्या पुढच्या सकाळी खुंटी रिकामी होती. बेडवर एकही डाग नव्हता. वर्ष झालं, नाहीच. त्यामुळे नत्थुजी आता रेघेच्या कोणत्या बाजूला आहेत, हे मला ठाऊक नाही.

तेव्हापासून मी एक करतो. मशीन सुरू करायच्या आधी कोणाला तरी माझ्या गळ्याकडे पाहायला लावतो. माझ्या हातावर माझा भरवसा नाही, आरशावरही नाही. रोज गोदाबाई पाहतात आणि 'चालू दे बाप्पा' म्हणतात. लोक हसतात. हसू देत. आज त्या लेकीकडे गेल्या आहेत. म्हणून तुम्हाला एवढा वेळ बसवून सगळं सांगितलं, नाहीतर पिनेसाठी कोण इतकं बोलतो?

ही घ्या, लाइन आली. पंखा फिरला. चला, तुमची पिन करून टाकू.

नाही, उठू नका, तिथूनच पाहा. नीट पाहा. मी घरून दुपट्टा आणत नाही, वर्षभरात आणला नाही. तुमचा तिकडे दाराजवळच्या खुंटीला आहे, तो मला दिसतो आहे.

बोला की. असे का पाहता?

नाही, बटनाला हात लावला नाही मी अजून... हे पाहा, दोन्ही हात वर केले. तुमी फक्त एवढं सांगा जी...

काठ तांबडा हाय काय?